याचं ऐकू नये

९ नोव्हें.
शटर वर करून राह्यलो होतो, तेवढ्यात वहिनीचा फोन. "भाऊजी, तुमी या एकडाव. बोटीचा थो टेंपरेचरचा काटा तपासा. खोटाच होता थो, हे लोकाइले दाखवून द्या, म्हंजे त्याइची तोंडं बंद होतीन."
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?
दादाले जाऊन आज पंचवीस दिवस.
दिवसभर एका ट्रॅक्टरचं हेड खोलून बसलो. कोणता बोल्ट कुठचा, तेच आठवेना. तीस वर्षं झाली इंजिनं खोलून राह्यलो. गिऱ्हाईक म्हणे, मिस्त्री, तब्येत बरी नाही का? त्याच्यावर खेकसलो. तो बिचारा गप बसून चहा पीत राह्यला.
ही डायरी बियाण्याच्या दुकानवाल्यानं जानेवारीत दिली होती, कोरीच पडून होती. रेखाशी बोलाले जातो अन् तोंड उघडत नाही. बायकोशी बोलता येत नाही, म्हणून इथं.

१० नोव्हें.
मास्तर गावभर सांगून राह्यले. पलीकडच्या काठावरच्या शाळेत जातात, त्या दिवशी बोटीत होते. खोटं सांगत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. म्हणतात, काटा लाल होता, मी स्वतः रामदासले दाखवला, तरी त्यानं इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण खोललं. उकळतं पाणी छातीवर, तोंडावर. "बेपर्वा माणूस, दुसरं काय." हा शब्द मास्तरांचा.
दादा आन बेपर्वा! म्हातारीले उतरवायची असली तर आधी तिची पिशवी काठावर ठेवी, मग काठी, मग तिचा हात धरी. अर्धा तास लावी एका म्हातारीले. आम्ही हसायचो.
दवाखान्यात आठ दिवस होता. पोलिसाले जबाब दिला, "माहीच घाई झाली." वहिनीलेही तेच सांगतलं. मी पलंगाजवळच उभा होतो. माझ्याकडं नजरसुद्धा वळवली नाही त्यानं.

१२ नोव्हें.
गावाले गेलो. चिखलीहून एसटी, पुढं जीप. रस्त्यानं सगळीकडं कापूस वेचणं चालू.
बोट काठावर ओढून ठेवलेली, वरून ताडपत्री. वहिनीनं स्वतः बांधलेली दिसते, गाठी तिच्या. ताडपत्री काढली अन् पहिलं तेच दिसलं. काट्याच्या खाली पांढऱ्या ऑइलपेंटनं, दादाच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात:
याचं ऐकू नये
अक्षर त्याचं आहे. वाक्य माझं.
मग काही तपासलं नाही. बोटीच्या कडेवर बसून राह्यलो. वहिनी चहा घेऊन आली, तिले वाटलं काम चालू आहे.

१२, संध्या. (परत येताना जीपमध्ये)
काटा मीच बसवला होता, चार वर्षांमागं. लोणारच्या एका भंगार जीपमधून काढला, सेन्सरसकट. बोटीचं इंजिनही जीपचंच, जुनं डिझेल, त्याले शोभून दिसला. दादा लय खूश. म्हणे, आता माही बोट मोटार झाली.
आठ दिवसांनी त्याचा फोन. "सुभ्या, हे कसं बे? इंजिन चालू असलं की काटा जाग्यावर राह्यते. इंजिन बंद केलं की वर चढते! लालापर्यंत जाते. मंग चालू केलं की उतरते. उलट्या खोपडीचा काटा दिला का मले?"
मी हसलो. म्हटलं, भंगारातला आहे, येडा आहे, त्याचं ऐकत जाऊ नको.
त्यानं ते लिहूनच टाकलं. दसऱ्याले इंजिनाची पूजा करताना काट्यालेही हळदकुंकू लावी. "येडा असला तरी घरचाच हाय."
एकदाही तपासला नाही मी. चार वर्षांत एकदाही नाही. चिखलीत सगळे मले इंजिनाचा डॉक्टर म्हणतात.

१३ नोव्हें.
वहिनीनं काल निघताना विचारलेलं लिहायचं राह्यलं. राह्यलं नाही, टाळलं.
"भाऊजी, मास्तर म्हने, झाकन खोलायच्या आंधी त्याइनं कोनाले तरी फोन लावला होता, इंजिनाच्या आवाजात बोलनं नाही ऐकू आलं. तुमाले होता का?"
म्हटलं, "हाव, मलेच होता. पण पाण्यावर रेंज नसते ना. नुसतं हॅलो हॅलो ऐकू आलं, मग कटला."
"असंच वाटलं मले," ती म्हणे. दादाचा फोन त्याच गडबडीत पाण्यात गेला. विचारणारं आता कोणी नाही.
घरी येऊन जेवलो. जेवलो म्हणजे ताट रिकामं केलं.

१४ नोव्हें.
इथं तरी खरं लिहितो.
मी ट्रॅक्टरखाली होतो. क्लचप्लेट बसवून राह्यलो होतो, दोन्ही हात वंगणानं भरलेले. फोन खांद्यावर धरला.
दादा: "सुभ्या, काटा आज उतरून नाही राह्यला रे. चालू केलं तरी लालच हाय."
मी: "दादा, त्या काट्याचं तुले किती डाव सांगतलं? लिहून ठेवलं ना तूच?"
दादा: "इंजिन गरम वाटून राह्यलं पन."
मी: "ऊन आहे म्हणून वाटते तुले. झाकण खोल, पाणी पाह्य, कमी असन तर टाक. अन् मले काम करू दे."
आवाज स्वच्छ येत होता. पाठीमागून मास्तर काहीतरी बोलत होते तेही ऐकू येत होतं. दादा म्हणे, "बरं बापा, तू म्हन्तो तं." आन फोन ठेवला.
माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा माणूस. इंजिनाच्या बाबतीत मी सांगन ती पूर्व दिशा. मले आयटीआयले घालाले स्वतः शाळा सोडून बाबांसोबत वल्हं मारलं त्यानं. मग सगळ्या गावाले सांगे, इंजिनातलं माह्या भावाले इचारा.
तर काटा खोटा निघाला पाहिजे. खोटा निघाला तर लाल काट्याले काही अर्थच नव्हता, दादा बेपर्वा नव्हता, आन मी सांगतलं तेही चूक नव्हतं. खरा निघाला तर

१६ नोव्हें.
सकाळपासून बोटीवर. तारेपासून सुरू केलं. सेन्सरपासून काट्यापर्यंत पूर्ण तार बोटांनी चाचपली, इंचन् इंच. कुठं सोललेली नाही. मल्टिमीटर लावला, सलग आहे. अर्थिंगचा लग, म्हणजे तारेच्या टोकाची कडी, काढला, घासला, परत बसवला. चांगला होता. बॅटरी चांगली.
आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की वस्तू खराब निघावी.
मग इंजिन का तापलं, ते पाह्यलं. बोटीच्या बुडाले जाळी आहे, तिथून तळ्याचं पाणी पंप ओढते आन ते फिरून टाकीतल्या पाण्याले थंड करते. जाळी काढली. झेंडू. सडलेला झेंडू, त्याचा दोरा गुंतून गच्च बोळा झालेला. दसऱ्याचे हार.
वहिनीनं पाह्यलं. ते हार कुठचे, ते आम्हा दोघालेही माहीत.

१७ नोव्हें.
हे लिहून ठेवतो. पुढं कोणाले ठाऊक असन की नाही.
धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं. मारुतीचं देऊळ, पार, मसणवट, सगळं. बाबा वल्ह्याची नाव चालवत. देवळाच्या वर आले की वल्हं उचलून धरीत आन नाव आपोआप सरकू देत. देवाच्या डोक्यावरून वल्हं मारत जाऊ नये, म्हणत. दादानं इंजिन बसवलं तरी ते सोडलं नाही. देवळावर आला की बंद करण्याचा दट्ट्या ओढे, चावी मात्र चालूच ठेवे. इंजिन गप. बोटीतले सगळे गप. ज्वारीचे चार दाणे माशांसाठी पाण्यात टाके. दसऱ्याले लोक हार सोडतात तिथंच. मग इंजिन चालू करून पुढं.
त्या दिवशी चालू केलं तेव्हा पंपानं पाण्याबरोबर हार ओढला. एवढंच झालं.
देवळावर थांबला नसता तर! छे, असं कसं म्हणू. आमचे आजे-पणजे तिथल्याच मसणवटात जळाले.

१८ नोव्हें.
काटा आन सेन्सर काढून चिखलीले आणले, सलीमभाईकडं. ऑटो इलेक्ट्रिकवाला, माझ्या शेजारचंच दुकान, वीस वर्षांचा संबंध. त्यानं चहाचा गंज, छोटं पातेलंच ते, स्टोव्हवर ठेवला, पाण्यात सेन्सर सोडला, बॅटरी जोडली. पाणी थंड, काटा खाली. कोमट, थोडा वर. खळखळ उकळी, काटा बरोबर लालात. गंज उतरवला, थंड पाणी ओतलं, काटा खाली. तीन डाव केलं.
"सुभाष, मीटर तो एकदम फर्स्ट क्लास है. कौन बोला खराब?"
म्हटलं, इंजिन बंद केलं की चढते ना हा. बंद इंजिन तापन कसं?
सलीमभाई माझ्याकडं पाहतच राह्यला. हसणार होता, पण माझं तोंड पाहून थांबला. म्हणे, "अरे भाई, भाताचा गंज चुलीवरून उतरवला तरी आत शिजतेच ना? इंजिन बंद म्हणजे पाणी फिरायचं बंद. आतला सगळा ताप तिथंच. काटा चढनच. चालू केलं, पाणी फिरलं, उतरन. ये तो तेरेकू मालूम है."
मालूम है. मलेच तर मालूम है. दुकानात किती गाड्यांचं हे पाह्यलं असन. बोटीचं म्हणून कधी डोकंच लावलं नाही. गाडीवाला गाडी बंद करताना चावीच काढते, काटा आपोआप मरते, चढलेला कोणाले दिसत नाही. भर पाण्यात इंजिन बंद करून चावी चालू ठेवणारा एकटा माझा भाऊ. काट्यानं चार वर्षं त्याले खरं सांगतलं. त्यानं मले विचारलं. मी हसलो.
काटा आन सेन्सर फडक्यात गुंडाळून दुकान लावून घेतलं.

१९ नोव्हें.
दुकान बंद ठेवलं. रेखा म्हणे, डॉक्टरकडं जाऊ. म्हटलं, दुखत काही नाही.
खरंच काही दुखत नाही. नुसतं ते वाक्य ऐकू येत राह्यते. "बरं बापा, तू म्हन्तो तं."

२० नोव्हें.
वहिनीचा फोन. काय निघालं? म्हटलं, पाहून राह्यलो. ती म्हणे, पलीकडच्या काठावर ग्रामसभा झाली, कोणीतरी म्हटलं की या घरच्या बोटीत बसणं नको. "माही बोट राहू द्या बाजूले. पन माह्या लेकीच्या सासरीही पोचलं हे. तिची सासू म्हने, तुहा बाप बेपर्वा होता म्हून गेला. पोरगी रडून राह्यली फोनवर. भाऊजी, तुमी एवढं करा. एवढंच करा. मी दुसरं काई मागत नाही तुमाले."
खोटा काटा पाहिजे तिले. माझ्याकडं खरा आहे.

२१ नोव्हें.
केलं.
कसं केलं ते लिहितो, नाहीतर उद्या माझं मलेच खरं वाटाले लागन. काटा परत बसवला. इंजिनाच्या अंगाले तार जिथं वळते तिथं ब्लेडनं सोलली. ब्लेडची सोल सरळ दिसते म्हणून कानशीनं घासून घासून जुनी केली. वंगण चोळलं. सोललेली तार ब्लॉकले टेकली की काटा थंड इंजिनावरही सर्र लालात. नामी काम झालं. इतकं सफाईचं काम या हातानं वर्षभरात केलं नसन.
वहिनीले बोलावलं. चावी फिरवली. थंडगार इंजिन, काटा लाल.
म्हटलं, "पाहा. घासून घासून तार उघडी पडली होती. हा नेहमीच लाल दाखवत असन. त्याले कळणार कसं?"
ती तिथंच खाली बसली. पदर तोंडाले लावून. दादा गेला त्या दिवशीही अशी रडली नव्हती ती, त्या दिवशी नुसती पाहत होती. आज मोकळी झाली. मी शेजारी उभा. तिच्या डोक्यावर हात ठेवावा वाटलं, ठेवला नाही. या हातानं कसा ठेवू?

२२ नोव्हें.
मास्तर बोटीवर आले. वहिनीनं बोलावलं होतं. मी चावी फिरवून दाखवली. लाल. मास्तर चष्मा काढून किती वेळ पुसत बसले. म्हणाले, "माझ्या तोंडून पाप झालं हो. मेलेल्या माणसाला बेपर्वा म्हणालो." वहिनीच्या पाया पडायला वाकले, तिनं धरलं. शाळेत सगळ्यांसमोर सांगतो म्हणाले.
खरं बोलणारा एकच माणूस होता या सगळ्यात, त्याले मी माफी मागाले लावली.

२५ नोव्हें.
वहिनीनं जीपवाल्याच्या हातून तुरीच्या ओल्या शेंगा पाठवल्या. पिशवीत चिठ्ठी, "भाऊजी, तुमी भावाचं नाव राखलं." लिहायची सवय नाही तिले, एकेक अक्षर कोरलेलं.
रेखानं शेंगा उकडल्या. घरभर वास. दादा आन मी लहानपणी टोपलंभर खायचो, टरफलं एकमेकाच्या पुढ्यात सरकवायचो, की पाह्य माय, यानंच जास्त खाल्ल्या.
माझ्या पुढ्यातल्या शेंगा रेखाच्या ताटात सरकवल्या.

२७ नोव्हें.
वहिनीनं ठरवलं, बोट ती स्वतः चालवणार. तिले येते. दादाच्या शेजारी बसून किती वर्षं सुकाणू धरलं तिनं. पलीकडचे लोकही तयार झाले, मास्तरांनीच सांगतलं त्याइले. नाहीतर शाळेतल्या पोरींले रस्त्यानं फिरून यायचं तर दोन बसा बदलाव्या लागतात, आन सकाळची तर येतच नाही.
"तुमी थो काटा तेवढा दुरुस्त करून द्या. तार बदला. मले एकटीले चालवायचं हाय, मले खरं सांगनारा पाह्यजे."
मले खरं सांगनारा पाह्यजे. असं म्हणे.

२९ नोव्हें.
सलीमभाईनं दुकानात विचारलं, मीटरचं काय झालं? म्हटलं, बसवला. "और भाभी को बोला?" काय बोला? तो म्हणे, "वही, जो मेरेको नहीं बोल रहा तू." कसं कळलं त्याले? मी त्याले फोनचं कधी बोललो नाही.
मग म्हणे, "मी जबरदस्ती नाही करत. पण तू आजकाल स्पॅनर खाली ठेवतो तर आवाज नाही येत. तू चोरासारखं काम करून राह्यला."
रागानं उठून आलो. संध्याकाळपर्यंत राग कोणाचा ते कळलं नाही.

१ डिसें.
बोटीवर. नवी तार टाकली. जाळीले दुसरी बारीक जाळी लावली, वरून काढून धुता येईन अशी. झाकणावर लाल रंगानं लिहिलं, गरम असताना खोलू नये. हे चार वर्षांमागं लिहायचं होतं.
काट्याखालच्या दादाच्या अक्षरांवरही रंग मारायला डबा घेतला. वहिनी म्हणे, "राहू द्या. त्याइचं अक्षर हाय. आता काटा नीट झाला तं काय, वाचून हसू येईन मले."
राहू दिलं.
तीन डाव सांगाले तोंड उघडलं. एकदा ती पाणी आणाले गेली. एकदा शेजारीण आली. तिसऱ्यांदा कोणीच आलं नाही, तरी सांगतलं नाही.

२ डिसें.
ठरवलं, फोनवर सांगू. फोन लावला. तिनं उचलला, "बोला भाऊजी." म्हटलं, डिझेलचा फिल्टर तपासाले विसरलो होतो, परवा येतो. फिल्टर तपासला होता.
दादानं दवाखान्यात माझ्याकडं पाह्यलं नाही, ते रागानं असन असं मी आजवर समजत होतो. आज वाटलं, पाह्यलं असतं तर मी तिथंच सगळ्यांसमोर बोललो असतो. हे त्याले माहीत होतं. म्हणून नाही पाह्यलं. जळालेल्या तोंडानं मलेच वाचवत बसला आठ दिवस.
अरे दादा, काऊन रे?

४ डिसें. (बोटीत)
आज ट्रायल. सकाळी दहाची वेळ. वारा नाही, पाणी स्वच्छ. वहिनी सुकाणूवर, मी इंजिनाजवळ, दुसरं कोणी नाही. इंजिन एका दमात चालू. काटा हळूहळू वर येऊन मधोमध थांबला. वहिनी एकदा पाण्याकडं, एकदा काट्याकडं पाहून राह्यली.
जुन्या गावावर आलो. मले वाटलं होतं ती थांबणार नाही. तिनं कनवटीतून ज्वारी काढली आन दट्ट्या ओढला. इंजिन गप. बोट आपल्याआप सरकत राह्यली. तिनं दाणे सोडले, हात जोडले. मीही जोडले.
डोळे उघडले तर ती काट्याकडं पाहून राह्यली होती. काटा चढत होता. मधून वर, वरून अजून वर, लालाच्या रेषेवर.
"भाऊजी, तार नवी टाकली ना तुमी?"
"हाव."
"मंग हा काऊन चढून राह्यला?"
इथं खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, काटाच बदलावा लागन, हा येडाच आहे. तोंडावर आलंही होतं. पण उद्यापासून ती एकटी असणार या पाण्यावर. एखाद्या दिवशी काटा चढन, उतरणार नाही, आन ती म्हणन, भाऊजी म्हणत होते येडा आहे.
म्हटलं, "वहिनी, बंद इंजिनात पाणी फिरत नाही. आतली गरमी वर येते. काटा खरं दाखवून राह्यला. चालू करा, उतरन. आन चालू करूनही नाही उतरला, तर बंद करून बसून राहायचं. दोन घंटे बसावं लागलं तरी बसायचं. झाकणाले हात लावायचा नाही."
तिनं चालू केलं. काटा उतरला. अगदी पहिल्यासारखा, मधोमध.
तिची नजर काट्यावरच. मग इंजिनाच्या आवाजात, पण मले स्वच्छ ऐकू आलं:
"त्याइच्या टायमालेही असाच चढे. बंद केलं की चढे, चालू केलं की उतरे. मी सोता पाह्यलं हाय. चार वर्सं."
"हाव."
"तार सोललेली असती तं चढला-उतरला कसा असता? लालच राह्यला असता ना, तुमी दाखवला तसा."
मी हातातला फडका खाली ठेवला.
"म्हंजे थो तवाही खरंच सांगे."
"हाव, वहिनी."
तिनं बोट वळवली. पलीकडच्या काठाले गेलीच नाही, सरळ घराकडं. तिनं इंजिन बंद केलं, दोर खुंट्याले बांधला, चप्पल हातात घेऊन पाण्यातून वर गेली. मग थांबली. वळली. रागात नव्हती. रागात असती तर बरं झालं असतं.
"भाऊजी, त्या दिवसी फोनवर आवाज आला नव्हता, हे तुमी मले सांगतलं. थेही असंच का?"
म्हटलं, येतो, हत्यारं भरून येतो.
हत्यारं केव्हाच भरून झाली. पिशवीत ही डायरी होती, ती काढून लिहून राह्यलो. समोर काटा अजून थोडा वरच आहे, खाली दादाचं अक्षर. वहिनी काठावर बाभळीखाली उभी आहे. बसली नाही, गेली नाही, मले हाकही मारली नाही.
आता उठतो.